जुन्या शहरांत यहुदी आणि ख्रिश्चन म्हणजे नेमकं काय होतं, धर्म की जमात?

पांझराकाठ (धुळे):

नमस्कार मंडळी. इतिहासाच्या विभागात टाकतोय, चुकीच्या जागी असेल तर अ‍ॅडमिननी हलवावं.

कॉलेजला माझा एक रूममेट होता नवापूर साईडचा, मावची, घर ख्रिश्चन. त्याला पोरं सारखी विचारायची की तू आदिवासी का ख्रिश्चन, आणि तो वैतागून म्हणायचा की दोन्ही, यात 'का' कुठून आलं. तेव्हा विषय तेवढाच राहिला. आता रोमन काळाबद्दल वाचतोय तर कोणीतरी सुचवलं म्हणून बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' काढलं आणि तिथं परत तेच त्रांगडं समोर आलं. ख्रिस्ताचा प्रचारक पौल यरुशलेममध्ये पकडला जातो तेव्हा आधी म्हणतो मी यहुदी, तार्सस शहराचा नागरिक, आणि पुढच्याच अध्यायात शिपाई फटके मारायला बांधतात तेव्हा म्हणतो मी रोमन नागरिक. म्हणजे एकाच माणसाला तीन ओळखी आणि जशी वेळ तशी तो काढतोय. वर त्याच पुस्तकात असंही आहे की अँटिओक शहरात या लोकांना पहिल्यांदा ख्रिश्चन हे नाव पडलं.

तर मला कोणी नीट सांगेल का की अलेक्झांड्रिया, अँटिओक, रोम असल्या शहरांत यहुदी म्हणजे धर्म होता की आपल्याकडच्या जातीसारखं जन्मानं चिकटलेलं काही, त्यांना शहराचे नागरिक धरायचे का बाहेरचे, आणि ख्रिश्चन लोक तर ग्रीक, सिरियन, यहुदी सगळ्यातून आलेले, तरी त्यांना काही ठिकाणी 'तिसरा वंश' म्हटलेलं वाचलं, ते कसं काय? विश्वास वेगळा म्हणून वंश कसा वेगळा होईल? यूट्यूबवर शोधलं तर भांडणंच जास्त दिसली.

वरणगावकर:

भो एवढं काय अवघड आहे त्यात. यहुदी जन्मानं, ख्रिश्चन विश्वासानं. एक वंश, एक धर्म. संपला विषय. पुढे रोमन लोकांनी दोघांना छळलं आणि मग ख्रिश्चनांचं राज्य आलं.

निवृत्त_मास्तर (अमळनेर):

वरणगावकर, दोन मार्कांच्या प्रश्नाला हे उत्तर चालून जाईल. कागद बघायला बसलं की टिकत नाही. पांझराकाठ, तुमचा प्रश्न चांगला आहे, मी अलेक्झांड्रियापासून सुरू करतो कारण इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरची लिखाणं) टिकले आणि तिथल्या साध्या माणसांचे अर्ज-विनंत्यासुद्धा आज वाचता येतात.

शहर अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३१ मध्ये वसवलं आणि यहुदी तिथं फार लवकर आले. शहराचे पाच भाग होते, नावं ग्रीक मुळाक्षरांवरून, आणि फायलो लिहितो की त्यातले दोन भाग यहुद्यांचे म्हणूनच ओळखले जायचे, बाकी भागांतही थोडे थोडे होते. हा फायलो स्वतः अलेक्झांड्रियाचा यहुदी, बड्या घरचा, लिहायचा ग्रीकमध्ये, प्लेटो कोळून प्यालेला, आणि धर्मग्रंथसुद्धा ग्रीक भाषांतरात वाचणारा. भाषा ग्रीक, नावं पुष्कळदा ग्रीक, शिक्षण ग्रीक, आणि तरी यहुदीच. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला मारवाडी घरं कितीतरी पिढ्यांपासून आहेत, अहिराणी आपल्यापेक्षा फाडफाड बोलतात, तरी पत्ता सांगताना आपण 'मारवाड्याच्या दुकानाशेजारी' असंच सांगतो, तसं समजा. फक्त तिथं त्या नावावर टॅक्स ठरायचा आणि शिक्षासुद्धा ठरायची.

रोमनांच्या आधी इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या काळात एवढी ओढाताण नव्हती. हेराक्लेओपोलिस नावाच्या गावचे इ.स.पू. दुसऱ्या शतकातले पपायरस सापडलेत, त्यात यहुद्यांची स्वतःची पंचायत दिसते, तिला 'पोलितेउमा' म्हणत, तिचे पुढारी होते, कर्जाची आणि लग्नाची भांडणं तिथं जायची. इ.स.पू. ३० ला रोमन आले आणि त्यांनी डोईपट्टी बसवली. रोमन नागरिकाला माफ, अलेक्झांड्रियाच्या ग्रीक नागरिकाला माफ, बाकी इजिप्शियन माणसाला लागू. आता यहुद्यांना कोणत्या रकान्यात टाकायचं? इथून खरी ठिणगी पडली.

एक अर्ज सांगतो, इ.स.पू. ५-४ च्या सुमाराचा. हेलेनोस नावाचा माणूस, बापाचं नाव ट्रायफॉन, दोन्ही नावं अस्सल ग्रीक. तो रोमन सुभेदाराला लिहितो की माझा बाप अलेक्झांड्रियाचा नागरिक, मी सगळी हयात याच शहरात काढली, बापाच्या ऐपतीप्रमाणे शिकलो, आणि आता माझ्यावर डोईपट्टी लावून माझं स्वतःचं गावच माझ्यापासून काढून घेतलं जातंय. अर्जाच्या सुरुवातीला लेखनिकानं लिहिलं होतं 'हेलेनोस, अलेक्झांड्रियन'. ते खोडलंय आणि वर लिहिलंय 'अलेक्झांड्रियातला एक यहुदी'. खोडाखोड त्या कागदावर आजही दिसते. मला तर वाटतं तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर त्या एका काटलेल्या ओळीत आहे, घरी तो स्वतःला काहीही समजत असेल, कचेरीत त्याला एकच रकाना मिळणार होता.

मग इ.स. ३८. यहुदी राजा अग्रिप्पा शहरात आला, टवाळखोरांनी त्याची टर उडवली, कराबास नावाच्या एका वेड्याला जिम्नॅशियममध्ये (ग्रीकांची व्यायामशाळा) राजासारखा नटवून मुजरे केले. तिथून प्रकरण पेटलं. सिनेगॉगमध्ये म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात सम्राटाच्या मूर्ती घुसवल्या, रोमन सुभेदार फ्लाक्कसनं फर्मान काढून यहुद्यांना 'परके आणि उपरे' ठरवलं, मग घरं लुटली, माणसं एका कोपऱ्यात कोंबली. फायलोनं यातली एक गोष्ट फार दुखऱ्या आवाजात लिहिली आहे. अलेक्झांड्रियात फटके मारायचे दोन प्रकार होते, नागरिकाला चपट्या पात्यानं मारायचे आणि मारणारेही अलेक्झांड्रियनच, इजिप्शियनाला चाबकानं. आधी यहुद्यांनासुद्धा पहिल्या प्रकारानंच शिक्षा व्हायची. फ्लाक्कसनं यहुदी ज्येष्ठांच्या सभेतल्या ३८ जणांना थिएटरात आणून चाबकानं फोडलं, काही जण मेले. फायलोची तक्रार नुसत्या माराची नाही. आम्हाला खालच्या दर्जाच्या लोकांचा चाबूक लावला ही पण आहे. (इजिप्शियन लोकांबद्दल तो स्वतः काय काय लिहितो ते वाचलंत तर त्याच्याबद्दलची सहानुभूती थोडी कमी होते, ते असो.)

पुढे फायलो शिष्टमंडळ घेऊन रोमला सम्राट कॅलिग्युलाकडे गेला, तिथं टिंगलच झाली. इ.स. ४१ मध्ये क्लॉडियस गादीवर आला आणि त्यानं अलेक्झांड्रियाला पत्र पाठवलं, त्याची प्रत फायूम भागात सापडली. त्यात ग्रीकांना दम दिलाय की यहुद्यांना त्यांच्या चालीरीतीनं राहू द्या, आणि यहुद्यांना सांगितलंय की आहे त्यापेक्षा जास्त मागू नका, तुम्ही परक्या शहरात राहून भरपूर सुख भोगताय. तीन-चारशे वर्षांपासून राहणाऱ्यांना 'परकं शहर'. पुढे ११५ ते ११७ मध्ये इजिप्त, सायरीन (आजच्या लिबियात), सायप्रस या भागांत यहुद्यांचा मोठा उठाव झाला आणि त्यानंतर अलेक्झांड्रियातली ती जुनी वस्ती जवळजवळ संपली.

आता वरणगावकर, यात धर्म कुठला आणि वंश कुठला ते वेगळं करून दाखवा.

पांझराकाठ:

सर भारीच. पण त्या हेलेनोसचं पुढे काय झालं, टॅक्स माफ झाला का?

निवृत्त_मास्तर:

निकालाचा कागद नाही. फक्त अर्जाचा कच्चा मसुदा आहे.

नरडाण्याचा_गडी:

मी टॅक्सचंच काम करतो म्हणून यात हात घालतो, रोमची बाजू राहिली.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसनं यरुशलेमचं मंदिर पाडलं. त्याआधी जगभरातले वयात आलेले यहुदी पुरुष दरवर्षी मंदिरासाठी अर्धा शेकेल पाठवायचे, स्वतःच्या मर्जीनं. मंदिरच गेलं तर सम्राट वेस्पाझियननं काय डोकं चालवलं, तोच पैसा आता रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाच्या नावानं वसूल करायचा, साम्राज्यात कुठंही राहणाऱ्या प्रत्येक यहुद्याकडून वर्षाला दोन द्राख्मा, आणि बायका-पोरांनाही लावला. इजिप्तमध्ये एडफूला खापरांवर लिहिलेल्या पावत्या सापडल्यात, पावती म्हणजे अक्षरशः फुटक्या मडक्याचा तुकडा.

आता मजा बघा. टॅक्स लावला की ज्याच्यावर लावायचा त्याची व्याख्या लागते. सम्राट डोमिशियन (८१ ते ९६) फार कडक निघाला, त्याच्या माणसांनी दोन प्रकारचे लोक पकडले, एक जे नाव न लावता यहुद्यांसारखे राहत होते आणि दुसरे जे जन्म लपवून टॅक्स बुडवत होते. म्हणजे आचार बघितला तरी अडकता आणि जन्म बघितला तरी अडकता, असेसमेंट दोन्ही बाजूंनी! रोमन लेखक स्युटोनियस लिहितो की तो तरुण असताना त्याच्या डोळ्यांदेखत भरल्या कचेरीत ९० वर्षांच्या म्हाताऱ्याचे कपडे काढून सुंता झाली का ते तपासलं. पुढचा सम्राट नेर्व्हा यानं ९६ मध्ये नाणंच पाडलं, त्यावर खजुराचं झाड आणि मजकूर असा की यहुदी टॅक्सच्या नावाखालचे खोटे आरोप बंद केले. टॅक्स बंद नाही केला बरं का, फक्त चुगल्या बंद.

अभ्यासकांमध्ये एक मत असं आहे की यहुदी कोण आणि ख्रिश्चन कोण हे सरकारी पातळीवर वेगळं दिसायला लागलं त्यात या टॅक्सचा मोठा हात आहे, कारण आता प्रत्येकाला वहीवर ठरवावं लागलं की मी भरणारा का न भरणारा. मला ते पटतं. आमच्या धंद्यात माणूस स्वतःची खरी ओळख रिटर्न भरतानाच सांगतो.

गिरणामाई (भडगाव):

मास्तरांनी आणि नरडाण्याच्या दादांनी जे सांगितलं ते सगळं खरं आहे पण त्यातून असं वाटायला नको की यहुदी सगळीकडे मारच खात होते आणि दारावर उभे होते. मी पुरातत्त्व शिकलेय, त्यामुळे मला आशिया मायनरबद्दल म्हणजे आजच्या तुर्कस्तानबद्दल सांगावंसं वाटतं, तिथलं चित्र फार वेगळं आहे आणि त्याच्याबद्दल लोक कमी बोलतात.

सार्डिस शहर घ्या. १९६२ मध्ये उत्खननात तिथं सिनेगॉग सापडलं आणि ते कुठं तर शहराच्या मधोमध, सार्वजनिक स्नानगृह आणि जिम्नॅशियमच्या इमारतीचाच एक भाग, एवढं लांबलचक की शेकडो माणसं आरामात बसतील. आत मोझाइकवर आणि भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत आणि त्यातले कित्येक जण अभिमानानं लिहितात 'सार्डिसचा नागरिक', काही तर नगरसभेचे सभासद. हेलेनोसला जी ओळ खोडावी लागली ती इथं लोकांनी संगमरवरात कोरून घेतली! अर्थात हे काही शतकं नंतरचं आहे, २१२ मध्ये सम्राट काराकाल्लानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या मोकळ्या (गुलाम नसलेल्या) लोकांना रोमन नागरिक केलं त्यानंतरचं, तो फरक धरायलाच पाहिजे. सिनेगॉगच्या भिंतीला लागून दुकानांची ओळ होती, तिथल्या काही दुकानांत यहुदी खुणा मिळाल्या आणि काहींत क्रॉस, एकाला एक लागून.

दुसरं अफ्रोडिसियास. तिथं १९७६ ला एक दगड मिळाला, माणसापेक्षा उंच, त्यावर यहुदी समाजाला मदत करणाऱ्यांची नावं आहेत, पुष्कळांच्या पुढे धंदासुद्धा, कोणी सोनार, कोणी मिठाईवाला. त्यात जन्माचे यहुदी आहेत, तीन जण धर्म बदलून यहुदी झालेले आहेत, आणि शिवाय पन्नासच्या वर 'देवभिरू' म्हणून वेगळे लिहिलेत. हे देवभिरू म्हणजे यहुदी न होता यहुद्यांच्या देवाला मानणारे, सिनेगॉगला जाणारे, आणि त्यातले ९ जण नगरसभेचे सभासद! वरणगावकर दादा, तुमच्या 'यहुदी जन्मानं' मध्ये हे तीन आणि हे पन्नास कुठं बसवायचे?

मिलेटसच्या थिएटरात तर बसायच्या पायरीवर कोरून ठेवलंय की ही जागा यहुद्यांची, त्यांना देवभिरूही म्हणतात, असा मजकूर. म्हणजे नाटक बघायला जात होते, आणि ग्रुपनं बसत होते.

पण माझी सगळ्यात आवडती वस्तू हिएरापोलिसची, साधारण इ.स. २०० ची एक कबर. तिच्या मालकाचं नाव पुब्लियस एलियस ग्लायकॉन, नावावरून रोमन नागरिक. त्यानं लिहून ठेवलंय की माझ्या कबरीवर दरवर्षी हार घालायला जांभळा रंग करणाऱ्या रंगाऱ्यांच्या संघाला २०० देनारी (रोमन नाणी) ठेवले, बेखमीर भाकरीच्या सणाला घालावा, आणि सतरंज्या विणणाऱ्यांच्या संघाला १५० देनारी, त्यांनी रोमन नववर्षाला आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणाला घालावा. आता बेखमीर भाकरीचा सण आणि पन्नासावा दिवस हे यहुदी सण आणि नववर्ष रोमन. हा माणूस कोण? यहुदी? यहुदी सण पाळणारा ख्रिश्चन? देवभिरू? अभ्यासक अजून भांडतायत, बहुतेक जण यहुदी म्हणतात. मला वाटतं त्याला स्वतःला विचारलं असतं तर म्हणाला असता, मी हिएरापोलिसचा, धंदा कापडाचा, आमच्याकडे हे सगळे सण होतात.

आणि एक, आपल्या राज्यातलंच. कोकणातले बेने इस्रायल घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून अलिबागकडे त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बोलणं मराठी, आडनावं नवगावकर, पेणकर अशी. त्यामुळे हा विषय आपल्याला एवढा परका नाही.

वरणगावकर:

मान्य, मान्य, ताई एवढे दगड एकदम अंगावर टाकू नका. पण मग ख्रिश्चनांचं तरी माझं बरोबर ना, तो तर शुद्ध विश्वासाचा मामला? त्यांचं गाव नाही, भाषा नाही, रक्त नाही. त्यांना वंश कोण म्हणेल?

नवापूरची_पोर:

ते स्वतःच म्हणत होते.

सविस्तर सांगते. माझं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे आणि रविवारी चर्चला आणि नंतर मामाकडे मावचीत गप्पा, आम्हाला यात काही विचित्र वाटत नाही, त्यामुळे पांझराकाठच्या रूममेटची चिडचिड मला पूर्ण समजते. तर मुद्दा असा की पहिल्या काही शतकांत 'धर्म' म्हणून वेगळा डबा नव्हताच. देव हे गावाचे, कुळाचे आणि लोकांचे असत. तुमचे लोक कोण हे कळलं की तुमचे देव कोण हे कळलं. त्यात एखादा ग्रीक माणूस उठून म्हणायला लागला की मी आता आमच्या गावच्या देवांना बळी देणार नाही, तर शेजाऱ्यांच्या दृष्टीनं त्यानं मत बदललं असं नव्हतं, तो आपल्या लोकांतून उठून गेला होता. मग ख्रिस्ती लेखकांना उत्तर द्यावं लागलं की बाबा आम्ही गेलो नाही, आम्ही एक लोक आहोत, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम त्याचे, दत्तक म्हणा हवं तर. पौल पण तेच सांगतो, यहुदी नाही, ग्रीक नाही, तुम्ही सगळे एक आहात, आणि लगेच पुढे म्हणतो म्हणून तुम्ही अब्राहामाचं संतान आहात. वंश पुसला आणि तिथंच नवीन वंशावळ जोडली!

दुसऱ्या शतकात अथेन्सचा ख्रिस्ती लेखक अरिस्टाइडीस सम्राटाला उद्देशून लिहितो तेव्हा माणसांचे गटच असे पाडतो, देवदेवतांना पुजणारे, यहुदी आणि ख्रिश्चन. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन, साधारण १९७ साली, चिडून लिहितो की लोक आम्हाला तिसरा वंश म्हणतात, आम्ही काय एका पायाची माणसं आहोत का पाताळातून आलोय? म्हणजे आतले लोक जी गोष्ट अभिमानानं सांगत होते तीच बाहेरचे शिवीसारखी वापरत होते. पांझराकाठ, तुम्ही वाचलेला 'तिसरा वंश' बहुतेक हाच.

त्याच दुसऱ्या शतकाच्या आसपासचं दियोग्नेतसला लिहिलेलं पत्र आहे, लेखक माहीत नाही, त्यात उलट म्हटलंय की ख्रिश्चन देशानं, भाषेनं, पेहरावानं बाकीच्यांपासून वेगळे नाहीत, ग्रीक शहरात असोत नाहीतर रानटी लोकांच्या, तिथलंच खातात आणि तिथलंच नेसतात, आपल्याच गावात राहतात पण पाहुण्यासारखे. आणि गंमत म्हणजे त्याच पत्राच्या सुरुवातीला त्यांना 'नवा वंश' पण म्हटलंय.

पण या सगळ्या लेखकांपेक्षा मला लियोंचा सांक्तुस जास्त मोठा वाटतो. इ.स. १७७, गॉलमधलं म्हणजे आजच्या फ्रान्समधलं शहर, तिथले ख्रिश्चन बरेचसे पूर्वेकडून आलेले, ग्रीक बोलणारे. सांक्तुसला पकडून हालहाल केले आणि विचारलं नाव काय, कोणत्या लोकांचा, कोणत्या शहराचा, गुलाम का मोकळा. त्यानं एकाही प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं नाही, प्रत्येकाला लॅटिनमध्ये एकच, मी ख्रिश्चन आहे. कचेरीचे सगळे रकाने त्यानं एका शब्दात भरले. शहर विचारलं तेही ख्रिश्चन, जमात विचारली तेही ख्रिश्चन. आता याला नुसता विश्वास म्हणायचं का?

आणि राहता राहिला आपल्याकडचा प्रश्न, आदिवासी का ख्रिश्चन. कायद्यात अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, १९५० च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींना आहे. तरी दरवेळी

अ‍ॅडमिन_खान्देश:

ताई माफ करा, वाक्य मध्येच तोडलं. माहिती बरोबर आहे म्हणून तेवढी ठेवली, पण आरक्षणावर हा धागा गेला तर रात्रीपर्यंत दोनशे कमेंट होतील आणि सार्डिस कोणालाच आठवणार नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः वर पिन करतो.

नवापूरची_पोर:

काढते. पिन करायचं विसरू नका.

पांझराकाठ:

ताई खूप खूप आभार, सांक्तुसचं वाचून थांबलोच थोडा वेळ. आणखी एकच विचारतो. मग हे दोघं एकमेकांपासून वेगळे कधी झाले? म्हणजे पहिल्या शतकातच 'आम्ही वेगळे, तुम्ही वेगळे' झालं, का रेंगाळलं?

निवृत्त_मास्तर:

रेंगाळलं, आणि गावागावाला वेगळं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अँटिओकचा बिशप इग्नाशियस लिहून ठेवतो की ख्रिस्ताचं नाव घ्यायचं आणि यहुदी रीत पाळायची हे शोभत नाही. याचा अर्थ वेगळे झाले असा काढू नका, कोणीतरी दोन्ही करत होतं म्हणूनच लिहावं लागलं ना. दुरा युरोपोसला, युफ्रेटिस नदीवरची ती लष्करी वस्ती, २५६ च्या सुमारास इराणी सैन्याचा वेढा पडला तेव्हा तटाला लागून असलेल्या इमारती मातीनं भरून टाकल्या म्हणून वाचल्या, त्यात चित्रांनी भरलेलं सिनेगॉग, एका घराचं केलेलं चर्च आणि मिथ्र देवाचं मंदिर, तिन्ही एकाच तटाच्या कडेनं.

स्पेनमध्ये चौथ्या शतकाच्या सुरुवातीला एल्व्हिरा इथं बिशपांची सभा भरली, त्यात शेतमालकांना ताकीद आहे की आपल्या पिकाला यहुद्यांकडून आशीर्वाद घेऊ नका, नाहीतर आमच्या आशीर्वादाला अर्थ राहणार नाही. शेतकरी आपला दोघांकडून घेत असणार, पाऊस कोणाच्या शब्दानं येईल याचा भरवसा काय. ३८८ मध्ये कायदा आला, यहुदी आणि ख्रिश्चन यांनी आपसात लग्न करायचं नाही, केलं तर व्यभिचाराची शिक्षा. म्हणजे लग्नं होत होती.

आणि परत अँटिओक, जिथं ख्रिश्चन हे नाव पडलं तेच. ३८६-८७ मध्ये तिथला प्रवचनकार योहान क्रिसोस्टोम यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनं देतो, भाषा अतिशय विखारी, पुढच्या काळात त्या प्रवचनांचा फार वाईट उपयोग झाला, ते लक्षात ठेवूनच वाचावं लागतं. पण तो ओरडतोय कोणावर? समोर बसलेल्या ख्रिश्चनांवरच. कारण ते यहुद्यांच्या नववर्षाला तुताऱ्या ऐकायला सिनेगॉगला जात, त्यांचे उपास धरत, आजारी पडले की बरं व्हायला शहराजवळच्या दाफ्नेच्या एका गुहेत रात्र काढायला जात. तीनशे वर्षांवर झाली, साम्राज्य ख्रिश्चन झालं, तरी त्या शहरातल्या पुष्कळ माणसांना दोन दारांतली भिंत दिसतच नव्हती, ती बिशपांना दिसत होती.

तो एक प्रसंग सांगतो. एक ख्रिश्चन माणूस एका ख्रिश्चन बाईला ओढून सिनेगॉगमध्ये नेत होता, व्यवहाराचं काही भांडण होतं, तिनं तिथं शपथ घ्यावी म्हणून. क्रिसोस्टोमनं मध्ये पडून तिला सोडवलं आणि त्याला विचारलं की चर्च सोडून तिकडं का नेतोस? तो म्हणाला, पुष्कळ जणांनी सांगितलं, तिथली शपथ जास्त कडक असते.

नरडाण्याचा_गडी:

मास्तर, व्यवहार कशाचा होता ते दिलंय का? उधारी होती का जमीन?

निवृत्त_मास्तर:

नाही, नुसतं धंद्याचं काम एवढंच म्हटलंय. तुम्हाला बरोबर तेच सुचणार.

वरणगावकर:

मास्तर, त्या फटक्यांचं आणि चाबकाचं फायलोच्या कोणत्या पुस्तकात आहे? आणि इंग्रजीत फुकट मिळतं का?

निवृत्त_मास्तर:

'फ्लाक्कसविरुद्ध' नावाचं छोटं पुस्तक आहे. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट आहेत. त्याला जोडून कॅलिग्युलाकडच्या शिष्टमंडळाचं पण वाचा, त्यात सम्राट यांना बंगल्याच्या खोल्या बघत बघत इकडून तिकडे पळवतो आणि मध्येच विचारतो की तुम्ही डुकराचं मांस का खात नाही.